गजकर्ण : ओळख, उपचार आणि प्रतिबंध

श्रावण-भाद्रपदांतील झड ओसरली आणि आश्विनाचें ऊन तापूं लागलें म्हणजे परभणी जिल्ह्यांत शेतीच्या कामांची एकच धांदल उडते. सोयाबीन काढावयाचें असतें, रब्बीच्या ज्वारीसाठीं रानें तयार करावयाचीं असतात आणि त्यापाठोपाठ कापसाची वेंचणी येते. जमिनींत ओल, माथ्यावर ऊन आणि वारा मात्र पडलेला, अशा त्या दिवसांत माणसाचें अंग सकाळपासून सायंकाळपर्यंत घामानें चिंब राहतें. गंगाखेड, पाथरी, जिंतूर, सेलू येथील औषधांच्या दुकानीं याच सुमारास एक ठराविक गिऱ्हाईक येऊं लागतें. दुकानांत दुसरें कोणी नाहीं असें पाहून तें पुढें होतें, आवाज खालीं आणतें आणि 'खाजेची ट्यूब' मागतें. रोगाचें नांव तें सांगत नाहीं, दुकानदारहि विचारीत नाहीं. ट्यूब कागदांत गुंडाळली जाते आणि व्यवहार संपतो. शहरांतील सुशिक्षित कुटुंबांतहि हें असेंच घडतें. फरक इतकाच कीं तेथें ट्यूबचें नांव पाठ असतें. या लहानशा, दिसावयास निरुपद्रवी अशा व्यवहारानें एक साधा त्वचारोग गेल्या दहा-बारा वर्षांत किती अवघड करून ठेवला आहे, हें समजून घ्यावयाचें तर प्रथम त्या रोगाचें स्वरूप नीट पाहिलें पाहिजे.

या रोगास मराठींत गजकर्ण म्हणतात. कोणी त्यास नायटा म्हणतात, तर दखनी बोलणारे शेजारी दाद म्हणतात. आणि परभणीच्या बाजारांत हे तिन्ही शब्द सारखेच चालतात. 'दाद' हा संस्कृत 'दद्रु' याचाच अपभ्रंश होय. इंग्रजींत त्यास 'रिंगवर्म', म्हणजे वलयाकार किडा, असें नांव पडलें आहे, आणि त्या नांवामुळें कातडीखालीं एखादा किडा गोल गोल फिरत असावा अशी पुष्कळांची समजूत होऊन बसली आहे. वास्तविक त्यांत किडा मुळींच नाहीं. पावसाळ्यांत ओल्या चामड्याच्या जोड्यावर, शिळ्या भाकरीवर किंवा भिंतीच्या कोपऱ्यांत जी बुरशी धरते, तिच्याच जातकुळींतील अतिसूक्ष्म वनस्पतिसदृश जीव मनुष्याच्या कातडीवर वाढूं लागले म्हणजे गजकर्ण होतो.

कातडीच्या सर्वच रोगांस सरसकट 'खाज' म्हणण्याची आपल्याकडे रीत असल्यामुळें पहिला घोटाळा निदानांतच होतो. गजकर्णाचा चट्टा बहुधा गोल किंवा कमानदार असतो. त्याची कड किंचित् उंच, खरखरीत आणि बारीक पुटकुळ्यांची असते; मध्यभाग मात्र त्या मानानें निवळलेला दिसतो. पुस्तकांतील चित्रांत हा चट्टा तांबडालाल रंगविलेला असतो, परंतु सांवळ्या अंगावर तो तांबडा न दिसतां काळसर अथवा तपकिरी दिसतो, हें येथें मुद्दाम सांगितलें पाहिजे. जांघा, कांखा, कंबर, नितंब, स्त्रियांच्या बाबतींत स्तनांखालची घडी, हीं त्याचीं आवडतीं ठिकाणें. खरूज निराळी. ती एका सूक्ष्म कीटकामुळें होते, बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटावर पुळ्या उठतात, आणि रात्रीं अंथरुणांत शिरतांच खाज असह्य होते. इसब निराळा, त्यास बुरशी लागत नाहीं. छाती-पाठीवर फिकट ठिपक्यांची नक्षी उठते त्यास शिबे म्हणतात. तेंहि बुरशीचेंच काम असलें तरी ती बुरशी वेगळ्या जातीची, यीस्टच्या वर्गांतील, आणि तिला खाज जवळजवळ नसते. पावसाळ्यांत चिखलांत काम करणाऱ्यांच्या पायांच्या बोटांमध्यें कातडी पांढरी पडून चिरते, त्या चिखल्यांत मात्र पुष्कळदां गजकर्णाचीच बुरशी घर करून असते, आणि तेथूनच ती टॉवेलाच्या मार्गें जांघेपर्यंत पोंचते. एका गोष्टीची सावधगिरी विशेष हवी. अंगावर गोल चट्टा आहे, पण त्यास खाज नाहीं, आणि तेथें टाचणी टोंचलेली किंवा गरम पाणी लागलेलें कळत नाहीं, असें आढळल्यास तें गजकर्ण समजून घरीं औषध करूं नये. तो कुष्ठरोगाचा आरंभ असूं शकतो. सरकारी दवाखान्यांत त्याची तपासणी आणि औषधें विनामूल्य मिळतात, आणि वेळीं औषध घेतल्यास तो पूर्ण बरा होतो.

हा शेवटचा घोटाळा फार जुना आहे. आयुर्वेदांत 'कुष्ठ' हा शब्द आजच्यासारखा एकाच रोगास वाहिलेला नव्हता. कातडी विद्रूप करणाऱ्या बहुतेक व्याधींस तो लागू होता. चरकसंहितेंत दद्रूची गणना अकरा क्षुद्र कुष्ठांत केली आहे, तर सुश्रुतानें तो सात महाकुष्ठांत घातला आहे. शब्दाचा अर्थ पुढें आकुंचित झाला, भीति मात्र मूळच्या विस्तारानें उरली. गजकर्ण झालेला मनुष्य आजहि चट्टा लपवितो, नवऱ्यापासून बायको आणि सासूपासून सून लपविते, याच्या मुळाशीं हीच भीति आणि रोगाच्या जागेची लाज या दोन गोष्टी आहेत.

आतां वलय कां पडतें तें पाहूं. आपल्या कातडीचा अगदीं वरचा थर मेलेल्या पेशींचा बनलेला असतो. केराटिन नांवाच्या ज्या चिवट द्रव्याचे केंस, नखें, शिंगें आणि खूर बनतात, तेंच द्रव्य या थरांतहि असतें. बहुतेक जंतूंस केराटिन पचत नाहीं. गजकर्णाच्या बुरशीपाशीं मात्र तें विरघळविणारे पाचक रस असतात, म्हणून ती या मृत थरावर सुखानें उपजीविका करते आणि सहसा त्याखालीं उतरत नाहीं. एके ठिकाणीं रुजली कीं तिचे तंतु चोहोंकडे सारख्या वेगानें पसरूं लागतात. शेणाच्या गोवरीस मधोमध विस्तव लावला असतां जळती कड जशी बाहेर बाहेर सरकते, त्याप्रमाणें. शरीराची प्रतिकारशक्ति जागी होऊन मधल्या भागांतील बुरशी हटविते आणि धुमश्चक्री कडेवर चालूं राहते. तेथेंच सूज, तेथेंच खाज, तेथेंच पुटकुळ्या. म्हणजे खाज आणि लाली हीं बुरशीचीं नव्हत, तर आपल्या शरीराच्या प्रतिकाराचीं चिन्हें होत. ही गोष्ट ध्यानांत ठेवली म्हणजे पुढचें सर्व प्रकरण सुलभ होईल.

कातडीचा हा थर साधारणतः महिन्याभरांत झडून नवा येतो. झडलेल्या कोंड्याबरोबर बुरशीचे टणक बीजकणहि गळतात आणि टॉवेल, चादरी, आंतले कपडे, सतरंज्या, न्हाणीघराची फरशी यांवर कित्येक महिने जिवंत राहूं शकतात. ओल, ऊब आणि कातडीचें घर्षण हीं तीन मिळालीं कीं तेच पुन्हां रुजतात. परभणीची हवा त्यांस मोठी अनुकूल आहे. उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांच्या पलीकडे जातो, आणि मृगापासून हस्तापर्यंत कपडे घरांतल्या दोरीवर दोन-दोन दिवस दमट राहतात.

आपल्या पूर्वजांनीं या रोगावर जी वनस्पति हुडकून काढली ती अद्यापि आपल्या दारांत उगवते. पावसाळ्यांत परभणीच्या पडीक रानांत आणि रस्त्यांच्या कडेला जो टाकळा माजतो, ज्याची कोंवळी पानें भाजीसाठीं खुडतात, त्याचींच संस्कृत नांवें चक्रमर्द आणि दद्रुघ्न अशीं आहेत. चक्राचें मर्दन करणारा आणि दद्रूचा नाश करणारा. रोगाचें वलय आणि त्यावरील औषध हीं दोन्ही त्या नांवांत आलीं आहेत. टाकळ्याचें बीं आंबट ताकांत वाटून लावण्याचा प्रघात होता. त्या बियांत क्रायसोफॅनिक आम्लाच्या वर्गांतील द्रव्यें असतात असें रसायनशास्त्रज्ञांस आढळून आलें आहे.

याच वर्गांतील एका औषधाची हकीकत मोठी मनोरंजक आहे. एकोणिसाव्या शतकांत मुंबईच्या बाजारांत 'गोवा पावडर' नांवाची एक पिंवळसर तपकिरी पूड गजकर्णावर रामबाण म्हणून विकली जात असे. लिंबाच्या रसांत किंवा शिरक्यांत कालवून ती चट्ट्यावर लावीत. ती गोव्याहून येई एवढें सर्वांस ठाऊक होतें. गोव्यांत ती कोठें पिकते हें मात्र कोणासच सांगतां येईना. १८७० नंतरच्या दशकांत उलगडा झाला तो असा कीं ही पूड गोव्याची नव्हतीच. ब्राझील देशांतील बाहिया प्रांताच्या अरण्यांतील अरारोबा नांवाच्या वृक्षाच्या बुंध्यांतील पोकळींत ती सांठते, आणि पोर्तुगीजांच्या व्यापारामार्गें सागर ओलांडून ती गोव्यास येत असे. तिच्यांतील क्रायसारोबिन हें द्रव्य पुढें यूरोपच्या औषधिकोशांतहि गेलें. गुण येई हें खरें. परंतु कपड्यांवर न निघणारे डाग पडत, निरोगी कातडी भाजून निघे, आणि तोच हात चुकून डोळ्यास लागल्यास डोळा सुजून येई. गजकर्णाच्या औषधांच्या इतिहासांत हा प्रकार वारंवार दिसतो कीं बुरशी जितक्या सहज मरते तितक्याच सहज कातडीसहि इजा होते.

युरोपांत या रोगाचें खरें कारण सिद्ध झालें तें १८४१ ते १८४४ या वर्षांत. हंगेरींत जन्मलेल्या डेव्हिड ग्रुबी नांवाच्या डॉक्टरानें पॅरिस येथें डोक्याच्या खवड्यांतील कोंडा सूक्ष्मदर्शकाखालीं तपासून त्यांतील बुरशी दाखविली, आणि ती निरोगी जागीं लावून रोगहि उत्पन्न करून दाखविला. रॉबर्ट कॉकनें काळपुळीच्या रोगजंतूंचें कार्य सिद्ध केलें तें १८७६ सालीं. म्हणजे गजकर्णाच्या जातीचे रोग त्यापूर्वीं तीस वर्षें सूक्ष्म जीवांच्या माथीं लागलेले होते. पुढें पॅरिसच्याच रेमों साबूरो यांनीं या बुरश्यांचें वर्गीकरण केलें आणि १९१० सालीं आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. इंग्लंडांत व्हिटफील्ड यांनीं बेंझॉइक आणि सॅलिसिलिक आम्लांचें मलम तयार केलें. तें आजहि मिळतें, स्वस्त आहे, आणि मर्यादित चट्ट्यावर उपयोगी पडतें. जांघेंत मात्र फार झोंबतें.

डोक्यांतील गजकर्णावर साबूरो यांनींच १९०४ च्या सुमारास क्ष-किरणांचा प्रयोग सुरू केला. किरणांनीं केंस गळून पडत आणि त्यांबरोबर बुरशीहि जाई. ही पद्धति जगभर पसरली. १९५० च्या आसपास इस्रायलांत बाहेरून आलेल्या निर्वासितांच्या हजारों मुलांवर ती वापरण्यांत आली; आणि त्यांपैकीं अनेकांस मोठेपणीं डोक्याच्या व मानेच्या गांठी झाल्याचें १९७४ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें उघडकीस आलें. त्या मानानें पोटांतून घेण्याचें ग्रिसिओफल्विन हें औषध कितीतरी सौम्य. एका बुरशीपासूनच १९३९ सालीं वेगळें काढलेलें हें द्रव्य गिनिपिगांच्या गजकर्णावर तोंडावाटें देऊन गुणकारी ठरतें, हें १९५८ सालीं सिद्ध झालें, आणि क्ष-किरणांची गरज संपली. त्यानंतर क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल, इट्राकोनॅझोल, टर्बिनाफिन अशीं एकाहून एक सरस औषधें आलीं. बुरशीच्या पेशीच्या आवरणास एर्गोस्टेरॉल नांवाचें द्रव्य लागतें. मनुष्याच्या पेशीस तें लागत नाहीं. तें द्रव्य बनविण्याची बुरशीची क्रिया मधल्या कुठल्यातरी पायरीवर अडवावयाची, ही या औषधांची युक्ति होय. १९९० च्या सुमारास तर गजकर्ण म्हणजे पंधरा दिवसांच्या मलमाची बाब होऊन बसली होती, आणि वैद्यकीय विद्यार्थीहि त्याच्याकडे फारसें लक्ष देत नसत.

या सुस्थितीस धक्का लागला तो त्या खाजेच्या ट्यूबमुळें.

या ट्यूबमध्यें बहुधा तीन किंवा चार औषधें एकत्र घातलेलीं असतात: एक बुरशीवरील, एक-दोन इतर जंतूंवरील, आणि त्यांच्या जोडीस क्लोबेटासोलसारखें तीव्र स्टेरॉइड. स्टेरॉइड हें बुरशीस मारीत नाहीं. तें शरीराचा प्रतिकार दाबून टाकतें. खाज आणि लाली हीं प्रतिकाराचीं चिन्हें असल्यामुळें तीं दोन दिवसांत नाहींशीं होतात, आणि रोग्यास वाटतें कीं औषध लागू पडलें. प्रत्यक्षांत पहारेकरी निजविला आहे आणि चोर घरांत मोकळा फिरत आहे. औषध थांबवितांच आठवड्याभरांत खाज दुप्पट होऊन परतते, मनुष्य पुन्हां तीच ट्यूब आणतो, आणि हें चक्र महिनोन् महिने चालतें. चट्ट्याचें मूळ रूपहि पालटतें. स्पष्ट कड नाहींशी होते, अथवा एका वलयांत दुसरें वलय उमटतें, आणि अनुभवी डॉक्टरांसहि ओळखणें अवघड जातें. डोळ्यांनीं ओळखूं न येणाऱ्या या गजकर्णाचें वर्णन इंग्रज डॉक्टरांनीं १९६८ सालींच करून ठेविलें होतें. जांघेंतील आणि कांखेंतील कातडी मुळांतच पातळ. तेथें स्टेरॉइड लावीत राहिल्यास ती आणखी पातळ होऊन तिच्यावर बाळंतिणीच्या पोटावर असतात तसे पट्टे उमटतात. ते पुढें कोणत्याहि औषधानें जात नाहींत. वयांत येणाऱ्या मुलामुलींत हे पट्टे पाहिले म्हणजे त्या ट्यूबची खरी किंमत कळते.

त्वचारोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेनें या प्रकाराविरुद्ध वर्षानुवर्षें आवाज उठविला, आणि २०१८ सालीं केंद्र सरकारनें कातडीस लावावयाच्या चौदा स्टेरॉइडांचा समावेश अनुसूची 'एच'मध्यें केला. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून तीं विकतां येत नाहींत. कायदा योग्य आहे. पण ज्या दुकानांत गिऱ्हाईकच आवाज खालीं आणून बोलतें, तेथें कायद्याचा आवाज कितीसा पोंचणार?

दरम्यान बुरशीहि स्वस्थ बसली नव्हती. पूर्वीं हिंदुस्थानांतील बहुतेक गजकर्ण ट्रायकोफायटन रुब्रम नांवाच्या जातीमुळें होत असे. २०१४ च्या सुमारापासून मात्र देशभरांतील त्वचारोगतज्ज्ञांस असे रोगी मोठ्या संख्येनें आढळूं लागले कीं ज्यांचा गजकर्ण अंगभर पसरलेला, कुटुंबांत सर्वांस झालेला, आणि नेहमींच्या औषधांस दाद न देणारा होता. तपासणी करितां त्यांत दुसरीच जात प्रबळ झालेली दिसली. जपानी संशोधकांनीं २०२० सालीं तिला स्वतंत्र नांव दिलें: ट्रायकोफायटन इंडोटिनिए. नांवांत आपल्या देशाचा उल्लेख आहे, आणि त्याबद्दल अभिमान बाळगण्यासारखें कांहीं नाहीं. टर्बिनाफिन हें औषध बुरशीच्या ज्या विकरास जाऊन चिकटतें, त्या विकराच्या घडणींतच या जातीच्या पुष्कळ बुरश्यांत बदल झालेला आहे. कुलूप बदललें म्हणजे जुनी किल्ली चालत नाहीं, तसा हा प्रकार. स्टेरॉइडमिश्रित ट्यूबा, अर्धवट सोडलेले उपचार आणि गर्दीचीं घरें यांनीं तिच्या फैलावास हातभार लावला असें बहुतेक तज्ज्ञांचें मत आहे. पुढें ती समुद्रापारहि गेली. २०२३ सालीं न्यूयॉर्क शहरांत तिचे दोन रोगी सांपडल्याचें अमेरिकेच्या आरोग्य खात्यानें जाहीर केलें.

तथापि निराश होण्याचें कारण नाहीं. गजकर्ण आजहि बरा होतो. फक्त तो पूर्वींपेक्षां अधिक चिकाटी मागतो. पहिली पायरी निदानाची. चट्ट्याच्या कडेवरील कोंडा बोथट पात्यानें खरवडून काचेवर घ्यावयाचा, त्यावर दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकावयाचा, आणि कांहीं वेळानें सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावयाचें. कातडीच्या पेशी विरघळून बुरशीचे फांटे फुटलेले तंतु स्पष्ट दिसतात. ही तपासणी स्वस्त आणि थोड्या वेळांत होणारी आहे, आणि शंका असेल तेथें रोग्यानें ती करण्याविषयीं डॉक्टरांस आपणहून विचारण्यांत गैर कांहीं नाहीं. एक-दोन लहान, ताजे चट्टे असल्यास केवळ बुरशीवरील, स्टेरॉइड नसलेलें मलम पुरतें. तें लावावयाची रीत मात्र बहुतेकांची चुकते. खाज मधोमध सुटते म्हणून मलम मधोमध चोळलें जातें. वास्तविक बुरशी कडेवर आणि कडेच्याहि पलीकडे, अजून निरोगी दिसणाऱ्या कातडींत असते. म्हणून चट्ट्याच्या बाहेर दोन बोटें जागा सोडून तेथून आंत येत मलम लावावें. अंग धुवून पूर्ण कोरडें केल्यावर लावावें. आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरहि दोन आठवडे लावीत राहावें, कारण डोळ्यांस न दिसणारे तंतु त्या थरांत उरलेले असतात. पुष्कळांचा रोग परत येतो तो येथें, या शेवटच्या दोन आठवड्यांत.

चट्टे पुष्कळ असतील, जुने असतील, डोक्यांत किंवा नखांत असतील, किंवा पूर्वीं स्टेरॉइड लावलें गेलें असेल, तर पोटांतून औषध घ्यावें लागतें. तें डॉक्टरांच्या देखरेखीखालींच घ्यावें. हीं औषधें यकृतावर ताण आणूं शकतात. इट्राकोनॅझोल हें हृदयविकाराच्या कांहीं रोग्यांस अपायकारक ठरतें आणि दुसऱ्या कित्येक औषधांशीं त्याचें जमत नाहीं. गर्भवती स्त्रियांच्या बाबतींत तर फार विचार करावा लागतो. ग्रिसिओफल्विन स्निग्ध जेवणाबरोबर आणि इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल भरल्या पोटीं घेतल्यास अंगीं अधिक लागतात. उपचार कांहीं आठवडे, प्रसंगीं कांहीं महिने चालतो. पायाच्या अंगठ्याचें नख नवें उगवावयासच वर्ष-दीड वर्ष लागतें, तेथें महिन्यांत गुण मागणें व्यर्थ होय. मधुमेह असलेल्यांनीं रक्तांतील साखर तपासून घ्यावी. ती चढलेली असतां बुरशीचे रोग हटतां हटत नाहींत.

घरगुती उपायांविषयीं थोडें कठोर बोलणें भाग आहे. टाकळ्यानें फारसें बिघडत नाहीं. परंतु बिब्ब्याचें तेल, लसणाचा ठेंचा, बॅटरींतलें पाणी, रॉकेल असले जालीम पदार्थ नायट्यावर लावणारे लोक अजून आढळतात. बिब्बा तर स्वतःच कातडीचा वैरी आहे. परीट लोक पूर्वीं कपड्यांवर खुणा करण्यासाठीं बिब्ब्याचा रस वापरीत, आणि त्या खुणेखालच्या कातडीवर पुरळ उठे. ब्रिटिश अमदानींत गोऱ्या शिपायांनीं जांघेंतील गजकर्णास 'धोबी इच' असें नांव देऊन त्याचा दोष परटावर ढकलला, त्यांत हे दोन वेगळे रोग एकत्र झालेले दिसतात. बिचाऱ्या परटाचा अपराध फार तर एका रोगापुरता होता.

प्रतिबंधाचें बहुतेक काम दवाखान्यांत नव्हे, घरांत होतें; आणि तेथें गृहिणीचा अधिकार डॉक्टरांहून मोठा आहे. घरांत एकास गजकर्ण झाला असतां प्रत्येकाचें अंग एकदां निरखून पाहावें आणि ज्यांस ज्यांस तो आहे त्या सर्वांचा उपचार एकाच वेळीं सुरू करावा. नवऱ्यानें औषध घ्यावें, बायकोनें लाजेनें न सांगावें आणि तीन महिन्यांनीं नवऱ्यास तो पुन्हां व्हावा, असें किती घरांत चालतें! ज्याचा टॉवेल त्यालाच, हा नियम लहान मुलांसहि लावावा. शिक्षणासाठीं परभणीस किंवा नांदेडास खोली करून राहणाऱ्या मुलांस घरून लाडवांचा डबा जातो, त्याबरोबर दोन जादा टॉवेल आणि आंतल्या कपड्यांचे दोन जोड जावेत. तालमींत जाणाऱ्या मुलानें घरीं येतांच स्नान करावें आणि लंगोट रोज धुवावा. अंगाला अंग घांसून हा रोग फार लवकर लागतो.

कंबरेच्या करदोड्याविषयीं बोललेलें कित्येकांस आवडणार नाहीं. पण ओला करदोडा दिवसभर कंबरेस घासत राहतो, त्यांत घाम आणि बीजकण दोन्ही मुरतात, आणि पुष्कळ पुरुषांच्या व मुलांच्या कंबरेवरील गजकर्ण त्याच रेषेवर उमटलेला असतो. उपचार चालूं असेपर्यंत तो काढून ठेवावा. परंपरा राखावयाची असल्यास नंतर नवा बांधावा. स्त्रियांत हेंच काम परकराची घट्ट नाडी करते. ती रोज एकाच जागीं न बांधतां थोडी खालवर सरकवावी. मानवतच्या बाजारांत कापसाच्या गाड्यांच्या रांगा लागतात, आणि तो कापूस पिकविणाऱ्याची मुलें मात्र भर उन्हाळ्यांत अंगास चिकटलेल्या जाड जीन विजारी आणि कृत्रिम धाग्याचे शर्ट घालून हिंडतात, ही विसंगति त्वचेच्या दृष्टीनें महाग पडते. सैल, सुती, घाम शोषणारें वस्त्र हवें. घाम येतांच बदलतां आल्यास उत्तम.

कपडे धुण्याविषयीं पुस्तकांत साठ अंश उष्णतेच्या पाण्याचा सल्ला असतो. तो बरोबरच आहे, परंतु मराठवाड्यास तो पुष्कळदां परवडत नाहीं. २०१६ च्या उन्हाळ्यांत शेजारच्या लातुरास आगगाडीनें पाणी पोंचवावें लागलें होतें. टॅंकरची वाट पाहणाऱ्या घरीं दररोज चादरी उकळा असें सांगणें ही थट्टा होईल. अशा वेळीं आंतले कपडे आणि टॉवेल एवढेच निवडून वेगळे काढावेत आणि तेवढे तरी एका पातेल्यांत कढत पाण्यांत बुडवून ठेवावेत. बाकीच्यांस ऊन दाखवावें. कपडे उलटे करून, आंतली बाजू बाहेर घेऊन, कडकडीत उन्हांत वाळवावेत. पावसाळी हवेंत शिवणीवर आणि पट्ट्यावर इस्त्री फिरवावी. स्नानास पाणी थोडें असल्यास जांघा, कांखा आणि पायांचीं बोटें आधीं धुवावीं आणि मुख्य म्हणजे तीं पुसून कोरडीं करावीं. बुरशीस पाण्याच्या टंचाईचें दुःख नाहीं, तिला फक्त ओलावा हवा असतो. साबण घासघासून कातडी सोलवटणें, दगडानें चट्टा घासणें, दिवसांतून चारदां स्नान करणें, यांनीं उलट नुकसानच होतें.

लहान मुलांच्या डोक्यांत केंस तुटून चकंदळ पडलें, त्यावर कोंडा आला किंवा पुवाचा मऊ गळूसारखा फुगवटा आला, तर तो पुष्कळदां गजकर्णच असतो. त्यास वरून लावलेलें मलम पुरत नाहीं, कारण बुरशी केंसांच्या मुळांत शिरलेली असते. पोटांतून औषधच द्यावें लागतें. फुगवटा चिरून पू काढण्याचा प्रयत्न करूं नये. चाई निराळी, तीत कातडी गुळगुळीत आणि स्वच्छ असते, कोंडा नसतो. फणी, टोपी आणि न्हाव्याचें यंत्र यांतून हा रोग एका डोक्यावरून दुसऱ्यावर जातो, म्हणून शाळेंतील दोन-तीन मुलांस तो दिसल्यास शिक्षकांनीं पालकांस वेळीं कळवावें. मुलांस मात्र वर्गाबाहेर बसवूं नये.

शेवटीं गोठ्याकडेहि पाहिलें पाहिजे. गांवीं शेती असलेल्या शहरी कुटुंबांतील मुलें दिवाळींत वासरांशीं खेळतात, आणि परत आल्यावर हातावर किंवा गालावर सुजलेला, पुवाळलेला चट्टा घेऊन येतात. वासरांच्या डोळ्यांभोंवतीं आणि मानेवर राखाडी रंगाचे, जाड खपलीचे गोल चट्टे पडतात. तोहि गजकर्णच, बुरशी मात्र जनावरांची. मनुष्याच्या शरीरास ती परकी असल्यामुळें प्रतिकार फार जोराचा होतो आणि चट्टा गळवासारखा दिसतो. वासराचा रोग बहुधा दोन-चार महिन्यांत आपोआप जातो, परंतु तोंवर तो इतर वासरांस आणि माणसांस लागत राहतो. म्हणून असें वासरूं वेगळें बांधावें, पशुवैद्यास दाखवावें, गोठ्याच्या दावणी आणि खुंटे उन्हांत तापूं द्यावेत, आणि वासरास हात लावल्यावर कोपरापर्यंत साबणानें धुवून मगच घरांत यावें.